राणीच्या बागेतील स्मारके : इतिहासाचा एक पाठ

मुंबईस जाणाऱ्या प्राथमिक शाळांच्या सहलींत भायखळ्याच्या राणीच्या बागेचा समावेश बहुधा हटकून असतो. तेथील पशुपक्ष्यांचे, विशेषतः २०१७ पासून लोकांना पाहावयास मिळू लागलेल्या पेंग्विन पक्ष्यांचे, मुलांना मोठे आकर्षण असते व ते स्वाभाविकही आहे. प्राणी पाहून झाले म्हणजे मुले झाडाखाली बसून शिदोऱ्या सोडतात, शिक्षक पटावरची नावे पुन्हा एकदा मोजून घेतात आणि सहल पुढच्या ठिकाणाकडे निघते. त्याच बागेच्या आवारात एक दगडी हत्ती, एक घड्याळाचा मनोरा, एक काळ्या रंगाचा घोडेस्वार आणि नाक भंगलेली एक संगमरवरी राणी आहे. त्यांच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. एखाद्या चौकस मुलाने विचारलेच, तर ‘इंग्रजांच्या वेळचे पुतळे आहेत’ एवढ्या उत्तरावर विषय संपतो.

वास्तविक हे उत्तर जेथे संपते तेथेच इतिहासाचा पाठ सुरू होतो. पाठ्यपुस्तकातील इतिहास मुलाला वाचून समजतो, परंतु स्मारक हे डोळ्यांनी पाहावयाचे व हाताच्या अंतरावर असलेले इतिहासाचे साधन आहे. मात्र पुस्तकाप्रमाणे तेही वाचावे लागते आणि वाचावयास कोणी तरी शिकवावे लागते. प्रस्तुत लेखात राणीच्या बागेतील काही स्मारकांची माहिती दिली आहे. तिचा उपयोग वर्गात, सहलीत व पुढे स्वतःच्या गावात कसा करता येईल, ह्याचाही विचार केला आहे.

बागेचा पूर्ववृत्तांत

ही बाग ‘ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ह्या संस्थेने वसविली. शेती व बागाईत ह्यांच्या सुधारणेसाठी स्थापन झालेल्या ह्या संस्थेची आधीची बाग शिवडीस होती व ती जागा पुढे दफनभूमीसाठी गेली. भायखळ्याची नवी बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली व तिला इंग्लंडच्या राणीवरून ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’ असे नाव देण्यात आले. इंग्रजी नाव सर्वसामान्यांच्या तोंडी बसले नाही. त्यांनी आपल्या पद्धतीने तिला ‘राणीची बाग’ म्हटले. १८७३ साली बागेची व्यवस्था मुंबई नगरपालिकेकडे आली. १९६९ साली बागेचे नाव बदलून ‘वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान’ असे ठेवण्यात आले. आजही मुंबईचा मनुष्य सहज बोलताना ‘राणीची बाग’च म्हणतो.

बागेच्या प्रवेशद्वाराजवळच डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालयाची सुंदर इमारत आहे. मुंबईत वस्तुसंग्रहालय असावे म्हणून ज्यांनी खटपट केली त्यांत नाना शंकरशेट व डॉ. भाऊ दाजी हे प्रमुख होते. गोव्याच्या मातीत जन्मलेले भाऊ दाजी हे ग्रँट मेडिकल कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या डॉक्टरांपैकी एक होत. रोग्यांची सेवा करीत असतानाच त्यांनी प्राचीन शिलालेखांचे व नाण्यांचे संशोधन केले. अजिंठ्याचे लेख वाचण्याच्या कामीही त्यांनी परिश्रम घेतले. हे संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी उघडले तेव्हा त्याचे नाव ‘व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्यूझियम’ असे होते. १९७५ साली त्यास भाऊ दाजींचे नाव देण्यात आले. दीर्घकाळ दुर्लक्षित राहिलेल्या ह्या इमारतीचा जीर्णोद्धार होऊन ती २००८ साली पुन्हा लोकांसाठी खुली झाली. दगडावरची अक्षरे वाचण्यात आयुष्याचा काही भाग घालविलेल्या पुरुषाचे नाव ह्या जागेस मिळाले, ही गोष्ट शिक्षकाने मुलांस अवश्य सांगावी. ज्या आवारात स्मारके वाचावयास शिकावयाचे, तेथे असे नाव शोभून दिसते.

घारापुरीचा हत्ती

संग्रहालयाच्या बाहेर काळ्या पाषाणाचा एक मोठा हत्ती उभा आहे. बागेतील सर्व स्मारकांत वयाने हा सर्वांत वडील होय. त्याचे मूळ स्थान मुंबईच्या बंदरातील घारापुरी बेट. हे बेट आज रायगड जिल्ह्यात मोडते व तेथील शैव लेण्यांमुळे जगप्रसिद्ध आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज तेथे आले, तेव्हा राजबंदराच्या धक्क्याजवळ त्यांना हा हत्ती दिसला. त्यावरून त्यांनी बेटास ‘एलिफंटा’ असे नाव दिले. म्हणजे परदेशी प्रवासी आजही ज्या नावाने बेट ओळखतात, त्या नावाचे मूळ बेटावर राहिले नसून ते भायखळ्यास येऊन उभे आहे.

हत्तीची ही स्थलांतराची कथा मुलांना रंजक वाटेल. १८१४ साली त्याचे मस्तक व मान कोसळली. पुढे उरलेले धडही ढासळले. १८६४ साली तो इंग्लंडास नेण्याचा प्रयत्न झाला, परंतु उचलताना यारीच्या साखळ्या तुटल्या व तो बेत फसला, असे सांगितले जाते. भग्न तुकडे मुंबईस आणून व्हिक्टोरिया बागेत ठेवण्यात आले. तेथे ते पुष्कळ वर्षे तसेच पडून राहिले. अखेर १९१४ साली, म्हणजे मस्तक कोसळल्यास बरोबर शंभर वर्षे होत असताना, हे तुकडे जुळवून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला.

येथे शिक्षकास मुलांपुढे दोन गोष्टी मांडता येतील. पहिली अशी की, पाषाणासारखी टणक वस्तूही आपोआप टिकत नाही. ऊन, पाऊस, खारा वारा व माणसांची उपेक्षा ह्यांपुढे तिचाही टिकाव लागत नाही. दुसरी अशी की, मोडलेल्या वस्तूचे तुकडे जपून ठेवले तर पन्नास वर्षांनी का होईना, कोणी तरी ते जुळवू शकतो. तुकडे रस्त्याच्या भरावात गेले असते, तर जुळविण्यास काहीच उरले नसते. त्याचबरोबर, एखादी मूर्ती आपल्या मूळ जागेवरून हलविली म्हणजे तिच्यातील काही अर्थ मागे राहतो, हेही समजावून द्यावे. बंदरात शिरणाऱ्या नावेतील माणसाला हा हत्ती दुरून दिसत असे. आज त्याच्यासमोर समुद्र नाही. त्याचे पूर्वीचे प्रयोजन बघणाऱ्याला कल्पनेनेच उभे करावे लागते.

घड्याळाचा मनोरा

प्रवेशद्वाराजवळचा घड्याळाचा मनोरा १८६५ साली डेव्हिड ससून ह्यांच्या स्मरणार्थ बांधण्यात आला. ससून हे बगदादचे यहुदी व्यापारी. तेथील छळास कंटाळून ते बाहेर पडले व १८३० नंतरच्या काळात मुंबईस स्थायिक झाले. कापूस, कापड व चीनशी चालणारा अफूचा व्यापार ह्यांतून त्यांच्या घराण्याने अपार संपत्ती मिळविली आणि तिचा मोठा वाटा लोकोपयोगी कामांसाठी दिला. पुण्याचे ससून रुग्णालय ग्रामीण भागातील असंख्य रुग्णांना ठाऊक आहे. त्या नावामागचे घराणे हेच होय. डेव्हिड ससून १८६४ साली पुण्यासच निवर्तले.

मनोऱ्याच्या चार बाजू सकाळ, दुपार, सायंकाळ व रात्र ह्या चार प्रहरांच्या द्योतक आहेत. ज्या काळी सामान्य माणसाच्या मनगटावर घड्याळ नव्हते, त्या काळी सार्वजनिक घड्याळ ही एक नागरी सोय होती. दात्याचे नाव राहावे आणि लोकांची गरजही भागावी, असा दुहेरी हेतू ह्या स्मारकात आहे. आपल्याकडे कोणी पूर्वजांच्या स्मरणार्थ पाणपोई घालतो, कोणी विहीर बांधतो, कोणी शाळेला खोली देतो. मनोरा त्याच जातीचा आहे. तथापि अफूच्या व्यापारातील पैशाने रुग्णालये उभी राहिली, हे सत्यही वरच्या वर्गातील मुलांपासून लपवून ठेवण्याचे कारण नाही. एकाच माणसाच्या हातून अशा दोन्ही गोष्टी घडतात, आणि स्मारकावर त्यांपैकी एकच कोरली जाते.

राणीचा पुतळा

संग्रहालयाच्या मागील अंगणात व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा आहे. तो मॅथ्यू नोबल ह्या इंग्रज शिल्पकाराने घडविला. बडोद्याचे खंडेराव महाराज गायकवाड ह्यांनी त्याची देणगी दिली होती. १८७२ साली व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक ह्यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. त्या वेळी तो फोर्ट भागात, रहदारीच्या जागी, कोरीव छत्रीखाली सिंहासनारूढ होता. एका संस्थानिकाने आपल्या रयतेच्या पैशाने परकीय राणीचा पुतळा उभारावा, हेच त्या काळचे राजकारण समजण्यास पुरेसे आहे. ह्या पुतळ्यावरून राणीच्या रूपाची कल्पना येते. संस्थानिकांना कोणाची मर्जी सांभाळावी लागे, हेही त्याच पुतळ्यावरून कळते.

ऑक्टोबर १८९६ मध्ये एका रात्री चिंचवडच्या चापेकर बंधूंनी ह्या पुतळ्यास डांबर फासले व त्याच्या गळ्यात जोड्यांची माळ घातली. पुढच्याच वर्षी, २२ जून १८९७ रोजी, पुण्यात रँडचा वध झाला व त्यासाठी चापेकर बंधू फासावर गेले. डांबर संगमरवरात मुरल्यामुळे त्याचा डाग निघेना. अखेर प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर ह्या भारतीय रसायनशास्त्रज्ञाने तो काढून दाखविला. डांबर लावणाराही ह्याच देशाचा व ते काढणाराही ह्याच देशाचा. एकास त्या दगडात दास्य दिसले व दुसऱ्यास रसायनशास्त्रातील एक कठीण प्रश्न दिसला. एका पुतळ्याभोवती एवढी माणसे व एवढे हेतू गोळा झालेले असतात, हे मुलांना सांगितले म्हणजे निर्जीव वाटणारा दगड बोलू लागतो.

काळा घोडा

मुंबईच्या फोर्ट भागातील ‘काळा घोडा’ हे ठिकाण पुष्कळांस माहीत असते. तथापि त्या नावाचा मूळ घोडा तेथे नाही. तो राणीच्या बागेत आहे. व्हिक्टोरिया राणीचा पुत्र युवराज एडवर्ड १८७५-७६ साली हिंदुस्थानात येऊन गेला. त्या भेटीचे स्मारक म्हणून डेव्हिड ससून ह्यांचे पुत्र आल्बर्ट ससून ह्यांनी त्याचा अश्वारूढ पुतळा करविला. शिल्पकार होते जोसेफ एडगर बोहेम. १८७९ साली तो उभारला गेला. पुतळा कांस्य धातूचा असून रंगाने काळपट दिसतो.

पुतळा उभारणारांच्या मते महत्त्व युवराजाचे होते. येणाऱ्याजाणाऱ्या लोकांच्या मनात मात्र घोडाच भरला. युवराज पुढे १९०१ साली सातवा एडवर्ड म्हणून गादीवर बसला, तरी लोकांच्या बोलण्यात स्वाराचे नाव कधी आले नाही. ‘काळ्या घोड्याजवळ भेटू’ असेच ते म्हणत राहिले. १९६५ साली पुतळा हलविला, पण जागेचे नाव गेले नाही. २०१७ साली त्या भागात एका नव्या काळ्या घोड्याचा पुतळा बसविण्यात आला. त्यावर स्वार नाही. लोकांनी जवळजवळ नव्वद वर्षे स्वाराकडे पाहण्याचे टाळले होते. नव्या शिल्पाने तेच धातूत उतरविले असे म्हणता येईल.

कॉर्नवॉलिस व वेलस्ली

ह्याच आवारात लॉर्ड कॉर्नवॉलिस व लॉर्ड वेलस्ली ह्या दोन गव्हर्नर-जनरलांचीही स्मारके आहेत. कॉर्नवॉलिसने १७९३ साली बंगालमध्ये कायमधाऱ्याची पद्धत सुरू केली. वेलस्लीच्या कारकीर्दीत दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह केला आणि मराठी राज्याच्या स्वातंत्र्यास मोठे खिंडार पडले. हे दोन्ही पुतळे पूर्वी आजच्या हॉर्निमन सर्कलच्या परिसरात होते. एकोणिसाव्या शतकात कॉर्नवॉलिसच्या पुतळ्यास देव समजून साधे लोक त्यापुढे फुले ठेवीत व माळा घालीत, अशी नोंद आहे. हा देव नव्हे असे लोकांना समजावून सांगण्याची पाळी सरकारवर आली.

ही हकीकत ऐकून मुले हसतील. त्यांना हसू द्यावे, परंतु त्यानंतर विचारावे की, असे का झाले असेल? त्या पुतळ्याखालची अक्षरे ज्यांना वाचता येत नव्हती, त्यांनी आपल्याला ठाऊक असलेल्या एकमेव रीतीने दगडी मूर्तीचा अर्थ लावला. ज्याला वाचता येत नाही त्याच्या हाती पूजा करणे किंवा दुर्लक्ष करणे एवढेच उरते. साक्षरतेचे महत्त्व सांगण्यास ह्याहून चांगले उदाहरण शोधूनही मिळणार नाही.

१९६५ साली काय झाले

स्वातंत्र्यानंतर परकीय राज्यकर्त्यांचे पुतळे शहराच्या चौकांत असावेत काय, हा प्रश्न उभा राहिला. लोकांच्या मनातील रोष काही पुतळ्यांवर उतरला व त्यांना इजा झाली. राणीच्या पुतळ्याचे नाक भंगले. १९६५ साली हे पुतळे चौकांतून उचलून राणीच्या बागेत ठेवण्यात आले.

ह्या निर्णयाबद्दल मतभेद होऊ शकतो. एक पक्ष असा की, ज्यांनी ह्या देशास दास्यात ठेवले त्यांच्या मूर्ती मोडून टाकावयास हव्या होत्या. दुसरा पक्ष असा की, त्या होत्या तेथेच राहू द्यावयास हव्या होत्या, कारण चौकातील पुतळा हलविला तरी घडलेला इतिहास हलत नाही. मुंबईने मधला मार्ग पत्करला. चौक हे सन्मानाचे स्थान. तेथे कोणास उभे करावयाचे हे ठरविण्याचा अधिकार स्वतंत्र नागरिकांचा आहे, म्हणून सन्मान काढून घेतला. संग्रहालयाचे अंगण हे अभ्यासाचे स्थान, म्हणून पुरावा मात्र राखून ठेवला. चौकात पुतळा वर पाहावयास लावतो. अंगणात त्याच्याकडे समोरासमोर पाहता येते. हा मार्ग योग्य होता की नाही, हे शिक्षकाने निर्णय देऊन सांगू नये. दोन्ही बाजू मांडून मुलांना आपापले मत कारणांसह सांगावयास लावावे. मत कोणतेही असो, कारण देता आले पाहिजे हा आग्रह धरावा.

स्मारक वाचण्याची रीत

वरील उदाहरणांवरून एक गोष्ट ध्यानात येते. प्रत्येक स्मारकाला दोन इतिहास असतात. एक, ज्याचे ते स्मारक आहे त्याचा. आणि दुसरा, ज्यांनी ते उभारले, हलविले, विटाळले, पुजले किंवा सांभाळले त्यांचा. पहिला इतिहास पुतळ्याखालच्या लेखात थोडाफार मिळतो. दुसरा विचारून, पाहून व जुळवून काढावा लागतो, आणि बहुधा तोच अधिक उद्बोधक असतो. मुलांना स्मारक वाचावयास शिकविताना पुढील सहा प्रश्न उपयोगी पडतील.

१. हे कोणाचे किंवा कशाचे स्मारक आहे?
२. ते कोणी उभारले व त्यासाठी पैसा कोणी दिला?
३. ते कशाचे बनविले आहे? तो दगड वा धातू कोठून आला असावा?
४. त्यावर काही अक्षरे आहेत काय? कोणत्या भाषेत आहेत व ती कोणी वाचावीत अशी अपेक्षा होती?
५. ते मूळचे ह्याच जागी आहे काय? नसल्यास केव्हा व का हलविले?
६. लोक त्यास कोणत्या नावाने ओळखतात? ते नाव उभारणारांनी दिलेले आहे की लोकांनी?

वरच्या वर्गांस हे सहाही प्रश्न द्यावेत. पहिली-दुसरीच्या मुलांस पहिला, तिसरा व सहावा एवढे तीन पुरेत.

पाठाची आखणी

सहलीपूर्वी एक तासिका ह्या विषयास द्यावी. फळ्यावर मुंबई बंदराचा साधा नकाशा काढून घारापुरी, फोर्ट व भायखळा ही तीन ठिकाणे दाखवावीत आणि हत्ती व घोडा ह्यांचे प्रवास बाणांनी दर्शवावेत. वर्गाच्या जमिनीवर खडूने कालरेषा आखावी. दहा वर्षांस एक वीत ह्या प्रमाणाने १८१० पासून २०२० पर्यंतची रेघ एकवीस विती लांब होते. तीवर १८१४, १८६२, १८७२, १८७९, १८९६, १९१४, १९४७, १९६५, १९६९ व २०१७ ही वर्षे मुलांकडूनच मोजून लिहवून घ्यावीत. राणीचा पुतळा चौकात किती वर्षे होता, घोडा आपल्या जागी किती वर्षे राहिला, असली उदाहरणे गणिताच्या तासास देता येतील. इयत्ता चौथीची मुले शिवचरित्र शिकलेली असतात. बागेचे नाव आज ज्यांच्यावरून आहे त्या जिजामातेचा परिचय त्यांना असतोच. एका राणीचे नाव जाऊन दुसऱ्या राजमातेचे आले, ह्या घटनेचा अर्थ त्यांच्याच शब्दांत काढून घ्यावा.

सहलीचा दिवस ठरविण्यापूर्वी बाग व संग्रहालय कोणत्या वारी बंद असतात ह्याची चौकशी करावी; नाहीतर दूरवरून आलेल्या मुलांचा हिरमोड होतो. प्रत्यक्ष स्थळी मुलांचे पाच-पाच जणांचे गट करावेत व प्रत्येक गटास एकच स्मारक नेमून द्यावे. एकाने लेख उतरून घ्यावा, एकाने चित्र काढावे, उरलेल्यांनी प्रश्नांची उत्तरे शोधावीत. सर्व मुलांनी सर्व काही पाहिलेच पाहिजे असा हट्ट धरू नये. एक स्मारक नीट पाहिलेले मूल दहा स्मारकांवरून धावत गेलेल्या मुलापेक्षा पुष्कळ अधिक घेऊन परत येते. परतल्यावर प्रत्येक गटाने आपले स्मारक इतरांना समजावून सांगावे.

पुतळ्यांवर चढणे, त्यांवर नाव कोरणे, शाई वा खडू लावणे ह्यांस मुळीच मुभा देऊ नये. मात्र नुसते ‘हात लावू नका’ असे दटावण्याऐवजी हत्तीची कथा आधी सांगितलेली असल्यास मुले स्वतःच जपतील, असा भरवसा धरावा.

ज्या शाळांना मुंबई दूर आहे

पुष्कळ शाळांना मुंबईची सहल परवडणारी नसते. त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात असे गाव क्वचितच असेल, की जेथे वाचण्यासारखा एकही दगड नाही. बहुतेक जुन्या देवळांपुढे वीरगळ असतात. गावासाठी, गाईगुरांसाठी किंवा रणात लढताना जो पडला त्याचे ते स्मारक. त्यावर सामान्यतः खालपासून वर चित्रे वाचावयाची असतात : तळाशी लढाई व पडलेला वीर, मध्ये अप्सरा त्यास स्वर्गात नेत आहेत असा देखावा, वर तो शिवलिंगाची पूजा करीत असल्याचा देखावा आणि शेंड्यास चंद्रसूर्य. चंद्रसूर्य असेतो ही कीर्ती राहील, असा त्याचा अर्थ. अक्षरे नसतानाही हा दगड मुलांना वाचता येतो, इतका तो बोलका असतो.

कोकणात व अन्यत्र काही ठिकाणी गधेगाळ आढळतात. दिलेले दान जो मोडील त्यास शाप देणारा हा दगड म्हणजे त्या काळची जमिनीची सनदच होय. त्यावरील शिल्प लहान मुलांपुढे वर्णन करण्याजोगे नसले, तरी दानाचा कायदा दगडावर का कोरीत हे वरच्या वर्गास सांगता येईल. पश्चिम महाराष्ट्रातील अनेक गावांत चावडीच्या वा शाळेच्या भिंतीत एक लहानशी संगमरवरी पाटी बसविलेली असते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास त्या गावातून किती माणसे गेली व त्यांपैकी किती परत आली नाहीत, एवढेच तीवर लिहिलेले असते. माणसांची नावे बहुधा नसतात. वरील सहा प्रश्न ह्या पाटीस लावून पाहावेत. ती कोणी बसविली? इंग्रजी अक्षरे कोणासाठी होती? परत न आलेल्यांची घरे गावात कोणती? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पाटीवर नाही. ते गावातील वृद्धांकडे असेल तर आहे, आणि त्यांच्यामागे ते कोणाकडेच असणार नाही. त्याच गावात १९४२ च्या हुतात्म्यांचा स्तंभ असेल, तर दोन्ही स्मारकांतील फरक मुलांकडूनच काढून घ्यावा.

ह्या दगडांची आजची स्थिती शिक्षकांना ठाऊक आहे. कोठे वीरगळ धुण्याचा दगड झाला आहे, कोठे शेंदराच्या थराखाली चित्र बुजले आहे, कोठे देवळाच्या नव्या बांधकामात तो पायाखाली गेला आहे. हे करणारी माणसे वाईट नसतात. त्यांना तो दगड कोणी वाचून दाखविलेला नसतो. शाळेने गावातील अशा सर्व दगडांची एक वही तयार करावी. प्रत्येकाचे स्थान, उंची, चित्र व वृद्धांकडून ऐकलेली हकीकत तीत नोंदवावी. ऐकीव हकीकत ही ऐकीव म्हणूनच लिहावी. दगड आपल्या जागेवरून हलवू नये, घासू नये व त्यावर रंग देऊ नये. विशेष महत्त्वाचा दगड आढळल्यास ग्रामपंचायतीमार्फत पुरातत्त्व विभागास कळवावे. ह्या वहीला खर्च नाही. शिक्षकाची बदली झाली तरी वही शाळेत राहते व पुढील शिक्षकास गावाची ओळख करून देते.

समारोप

पुतळा दिसताच हात जोडणे किंवा दगड उचलणे, ह्या दोन्ही गोष्टींना शिक्षणाची जरुरी नसते. थांबून तो कोणी, केव्हा व का उभारला हे विचारण्यास मात्र शिक्षण लागते. आजचा विद्यार्थी उद्या ग्रामसभेत बसणार आहे. गावाच्या चौकात कोणाचे स्मारक असावे, जुन्या देवळापुढच्या दगडांचे काय करावे, कोणत्या रस्त्यास कोणाचे नाव द्यावे, हे प्रश्न त्याच्यापुढे येणारच आहेत. त्या वेळी केवळ आवेशावर न जाता चौकशी करून मत देण्याची सवय त्यास असावी, एवढ्यासाठी हा पाठ घ्यावयाचा. भायखळ्याच्या अंगणात वा स्वतःच्या गावच्या वेशीवर, कोठेही तो घेता येईल. येत्या सहामाहीत प्रत्येक शाळेने निदान एक स्मारक ह्या रीतीने वाचून त्याची नोंद करावी.